गाडीला सपाट म्हणजे काय, ते शिकवावं लागतं

गणपतीच्या आदल्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर समोरून येणाऱ्या गाडीचा झोत थेट डोळ्यांत घुसतो. आपण चिडून अप्पर-डिपर मारतो. समोरचा क्षणभर त्याहून मोठा प्रकाश टाकतो आणि पुन्हा पहिल्यावर येतो. त्याला सांगायचं असतं, की बाबा रे, मी डिपरवरच आहे. आणि तो खरं बोलत असतो. त्याच्या गाडीत मागे तिघं बसलेले असतात, डिकी सामानानं खच्चून भरलेली असते आणि त्या वजनानं गाडीची मागची बाजू चार-साडेचार सेंटीमीटर खाली बसलेली असते. डिपरचा अप्पर व्हायला तेवढं पुरतं.

हे कसं होतं ते समजून घ्यायला गाडी संध्याकाळी एखाद्या भिंतीसमोर उभी करावी आणि डिपर लावावा. भिंतीवर प्रकाशाला एक कडा दिसते. कडेच्या खाली लख्ख उजेड, वर जवळजवळ काळोख. आपल्याकडे वाहतूक डाव्या हातानं चालते, म्हणून ही कडा उजवीकडे आडवी असते आणि डावीकडे तिरकी वर चढत जाते, बऱ्याच गाड्यांत १५ अंशांनी. समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये, पण रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस, मैलाचा दगड, वळणाची पाटी दिसावी, यासाठी ही कडा मुद्दाम अशी घडवलेली असते.

ही कडा किती नाजूक असते, ते हॅलोजन दिव्यांसाठीच्या युरोपीय कसोटीतून कळतं. दिव्यापासून २५ मीटरवर पडदा लावतात. ५० मीटरवरून येणाऱ्या ड्रायव्हरचा डोळा पडद्यावर जिथे येईल, त्या बिंदूवर जास्तीत जास्त ०.४ लक्स प्रकाश चालतो. आपल्या बाजूची ७५ मीटरवरची रस्त्याची कड जिथे येईल, तिथे किमान १२ लक्स हवा. म्हणजे तीसपट फरक. आणि या दोन बिंदूंमधलं उभं अंतर आहे एक अंशाहून किंचित जास्त! हात ताठ समोर धरून करंगळी उभी केली, तर तिची जाडी साधारण एक अंश भरते. तेवढ्या पट्टीत ‘बघ’ आणि ‘दिपून जा’ या दोन गोष्टी शेजारी-शेजारी नांदवायच्या असतात.

म्हणून डिपर कधीच सरळ समोर रोखलेला नसतो. तो किंचित खाली झुकवलेला असतो. किती, ते अनेक गाड्यांच्या हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेलं असतं: १.० टक्का, १.२ टक्के असं. एक टक्का म्हणजे दर १० मीटरला १० सेंटीमीटर उतार. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर असेल, तर प्रकाशाची कडा बरोबर ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. आता पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २.६ मीटर अंतर असलेली एखादी मध्यम गाडी घ्या. मागची बाजू २.६ सेंटीमीटर खाली बसली, की तो एक टक्का संपला. झोत रस्त्याला समांतर झाला, तो आता कुठेच टेकत नाही. ४.५ सेंटीमीटर बसली, तर झोत वर चढायला लागतो आणि जो ६५ मीटरवर जमिनीला टेकणार होता, तो तिथेच जमिनीपासून ११२ सेंटीमीटर उंचीवर असतो. साध्या कारमध्ये बसलेल्या ड्रायव्हरचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर येतात.

उलटंही होतं. जोरात ब्रेक लावला, की गाडी नाक खुपसते. नाक एक टक्का खाली गेलं, तर ६५ मीटरची नजर निम्म्यावर, ३२ मीटरवर येते. ताशी ८० किलोमीटर वेगानं हे अंतर दीड सेकंदात संपतं. पुढे काहीतरी आहे म्हणून ब्रेक लावला, आणि ते काय आहे ते दिसेनासं झालं.

मग गाडीनं स्वतःच हे ओळखून दिवा वर-खाली करावा, हे ओघानं आलं. पण गाडीला आपण तिरके झालो आहोत हे कळणार कसं? पहिलं उत्तर कुणालाही सुचेल: गवंडी वापरतो तसा एखादा ओळंबा किंवा पाण्याचा बुडबुडा आत बसवा, तो सांगेल. हे उत्तर चुकीचं आहे आणि ते का चुकीचं आहे, यातच या यंत्रणेचं सगळं सौंदर्य आहे. आंबोलीचा घाट चढताना गाडी तिरकीच असते, पण रस्ताही तेवढाच तिरका असतो. ओळंब्याचं ऐकून दिवा ‘सरळ’ झाला, तर झोत समोरच्या चढावर दोन गाड्यांच्या अंतरावर आपटेल. दिव्याला पृथ्वीच्या हिशेबानं सरळ राहायचंच नाहीये. त्याला राहायचंय रस्त्याच्या हिशेबानं. आणि रस्ता कुठे आहे, हे गाडीत फक्त चाकांना माहीत असतं. म्हणून विचारायचं ते चाकांना: तुम्ही आणि गाडीचं अंग, यांच्यात आत्ता किती अंतर आहे? पुढच्या आणि मागच्या चाकांकडून ही दोन उत्तरं मिळाली, की दोन बिंदूंतून रेषा निघते. हाच गाडीचा तिरकेपणा.

फ्रान्समध्ये सित्रोएननं हा विचार फार लवकर केला. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली त्यांची ‘टू-सीव्ही’ खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी बनवलेली स्वस्त गाडी होती. तिचं सस्पेंशन इतकं मऊ, की माल भरला की मागची बाजू चांगलीच खाली बसायची. म्हणून दोन्ही हेडलाइट एका आडव्या दांडीवर बसवले होते आणि ती दांडी फिरवायची सोय ड्रायव्हरच्या हाताशी होती. आज भारतात धावणाऱ्या कितीतरी गाड्यांत डॅशबोर्डवर ०, १, २, ३ असे आकडे असलेलं एक छोटं चाक असतं, ते त्याच कल्पनेचं विजेवर चालणारं रूप. आकडा वाढवला, की झोत खाली येतो. कोकणात सामानानं भरून निघालेल्या शंभर गाड्यांपैकी किती जण ते चाक फिरवत असतील, याचा विचार केला की वाईट वाटतं. इतकी सोपी, फुकटची सोय आणि तिची ओळखच कुणी करून दिलेली नसते.

त्याच कंपनीची ‘डीएस’ तर १९५५ सालीच तेल आणि वायूच्या दाबावर स्वतःची उंची राखायची. तरी ब्रेक लावताना आणि वेग घेताना ती पुढे-मागे झुकायचीच. १९६७ मध्ये डीएसचा चेहरा बदलला आणि काचेमागे चार दिवे आले. बाहेरचे दोन गाडीच्या झुकण्याप्रमाणे स्वतःला सावरायचे आणि आतले दोन स्टिअरिंगबरोबर वळायचे, वळणावर गाडी पोहोचायच्या आधी प्रकाश पोहोचवायचे. तोवर गाडीत कॉम्प्युटर नावाची चीज नव्हती, हे सगळं यांत्रिक जोडणीनं चालायचं! अमेरिकेत मात्र तेव्हाच्या नियमांत हे बसत नव्हतं. तिथे गेलेल्या डीएसला साधे, स्थिर दिवे लावावे लागले.

सर्वसामान्य गाड्यांत ही कल्पना शिरली ती झेनॉन दिव्यांमुळे. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये ते पहिल्यांदा आले. हॅलोजनचा ५५ वॅटचा बल्ब साधारण १५०० ल्युमेन प्रकाश देतो. झेनॉनचा ३५ वॅटचा दिवा ३२०० च्या आसपास. इतका प्रकाश चुकीच्या दिशेला गेला, तर तो नुसता त्रास राहत नाही, तो धोका होतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीतल्या ४८ क्रमांकाच्या नियमानं २००० ल्युमेनहून अधिक प्रकाशाच्या डिपरला आपोआप पातळी राखणं बंधनकारक केलं. काही एलईडी हेडलाइट मुद्दाम या आकड्याच्या आत बसवलेले असतात, ते यामुळेच. मला हा पळवाटेचा भाग पटत नाही. डोळा ल्युमेन मोजत नाही, झोत डोळ्यांत गेला की गेला.

आता गाडीखाली जाऊ. मागच्या चाकाजवळ, सस्पेंशनच्या आर्मपाशी नीट पाहिलं, तर बोटभर लांबीची एक दांडी दिसते. तिच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात. खालचं टोक आर्मला, वरचं टोक एका लहानशा लिव्हरला. ही लिव्हर बॉडीला पक्क्या केलेल्या काळ्या प्लास्टिकच्या डबीतून बाहेर आलेली असते. गाडी खाली बसली, की दांडी लिव्हर ढकलते आणि लिव्हर डबीतला आस फिरवते. काही गाड्यांत अशी डबी फक्त मागे असते, काहींत पुढेही असते. बहुतेक वेळा एकाच बाजूला, कारण इथे प्रश्न पुढे-मागे झुकण्याचा आहे.

डबीच्या आत आसावर चुंबक असतं आणि त्याच्यासमोर एक इवलीशी चिप. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. चुंबक फिरलं, की चिपमधून निघणारा व्होल्टेज बदलतो. १८७९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा विद्यार्थी काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खातून वीज सोडत होता. वर्ख चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला, तर विजेच्या वाटेला काटकोनात, आडवा असा एक बारीकसा व्होल्टेज उमटला. वीज म्हणजे नेमकं काय वाहतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध अजून १८ वर्षं दूर होता. सोन्याच्या वर्खावर दिसलेली ती आडवी खूण आज आपल्या गाडीच्या पोटाखाली, चिखलात, डिकीत किती वजन आहे ते सांगते.

ही डबी साधारणपणे ५ व्होल्टवर चालते आणि लिव्हरच्या एका टोकाला अर्ध्या व्होल्टच्या जवळ, दुसऱ्या टोकाला साडेचारच्या जवळ उत्तर देते. हे आकडे कंट्रोल युनिटकडे जातात. युनिट वेगाची माहितीही घेतं, कारण त्याला दोन प्रकारच्या हालचाली वेगळ्या ओळखायच्या असतात. गाडी उभी असताना मागची बाजू बसली, तर कुणीतरी बसलंय किंवा सामान ठेवलंय. लगेच दिवा सावरायचा. चालत्या गाडीत मागची बाजू क्षणात वर-खाली झाली, तर तो खड्डा किंवा स्पीडब्रेकर; त्याच्यामागे धावायचं नाही. साध्या यंत्रणा चालताना बऱ्याच वेळाची सरासरी काढतात आणि ब्रेकच्या वेळची हालचाल सोडून देतात. महागड्या यंत्रणा ब्रेकचं झुकणंही काही मिलिसेकंदांत सावरतात. आपल्या रस्त्यांवर त्या बिचाऱ्या मोटरीला काय कष्ट पडत असतील!

ती मोटर हेडलाइटच्या आत असते. दिव्याचा आतला भाग तीन ठिकाणी टेकलेला असतो. दोन टेकू जागच्या जागी फिरतात, तिसरा मोटरच्या आट्यांच्या दांडीवर असतो. दांडी पुढे-मागे सरकली, की दिवा मान हलवतो. अनेक गाड्यांत ही स्टेपर मोटर असते. एका इशाऱ्याला एक ठरलेलं पाऊल. तिला आपण कुठे आहोत हे दिसत नाही, ती फक्त पावलं मोजते. म्हणून गाडी सुरू केली, की भिंतीवरचा झोत आधी पूर्ण खाली जातो, मग वर येऊन थांबतो. पुष्कळांना ही शोभेची हालचाल वाटते. खरं तर मोटर टोकापर्यंत जाऊन आपलं शून्य शोधत असते आणि मग तिथून पावलं मोजत ठरलेल्या जागी येते.

हे नाचणं बघायची सवय लावावी, कारण बिघाडाची पहिली चौकशी तिथेच, हातात पाना न धरता होते. दोन्ही दिवे नाचले, तर मोटरी आणि त्यांच्या तारा ठीक आहेत. एकच नाचला, तर दोष त्या हेडलाइटमध्ये. एकही नाचला नाही आणि डॅशबोर्डवर इशारा पेटला, तर फ्यूज, कंट्रोल युनिट किंवा सेन्सरकडे वळायचं. सेन्सरकडून अशक्य उत्तर आलं, म्हणजे तार तुटून शून्य व्होल्ट किंवा शॉर्ट होऊन पूर्ण ५, तर युनिट ते ओळखतं, एरर कोड नोंदवतं आणि झोत खाली नेऊन ठेवतं. आपल्याला कमी दिसलं तरी चालेल, समोरचा आंधळा होता कामा नये, असा तो निर्णय असतो. हा निर्णय मला फार सभ्य वाटतो.

त्याहून फसवा बिघाड दुसरा. पावसाळाभर चिखलपाणी खाऊन डबीतला आस गंजतो आणि लिव्हर मधल्या जागी जाम होते. किंवा बॉल जॉइंट निखळून दांडी लोंबकळत राहते आणि लिव्हर आहे तिथेच अडकते. डबी मुकाट्यानं अडीच व्होल्ट देत राहते. हे उत्तर अगदी शक्य कोटीतलं आहे, त्यामुळे युनिटला काहीच खटकत नाही. डॅशबोर्डवर इशारा पेटत नाही, कोड येत नाही. गाडीत पाच माणसं बसली काय, अन् एकटा ड्रायव्हर असला काय, गाडीच्या मते सगळं सपाटच. उत्तर शक्य आहे की नाही एवढंच यंत्र तपासू शकतं; ते खरं आहे की नाही, हे बघायला माणसाला गाडीखाली वाकावं लागतं.

वाकून करायचं ते असं. स्कॅनर जोडून लाइव्ह डेटामध्ये सेन्सरचा आकडा उघडायचा आणि एकानं डिकीवर जोर देऊन गाडी दाबायची. आकडा हलला नाही, तर दांडी बॉल जॉइंटमधून सोडवून लिव्हर हातानं हळूहळू फिरवायची. आता आकडा सलग वाढला-कमी झाला आणि पुढे दिव्यानं मान हलवली, तर डबी जिवंत आहे. दोष दांडीचा किंवा तिच्या जोडाचा. लिव्हर फिरतच नसेल, तर डबी बदलायची. फिरते पण आकडा मेलेला असेल, तर डबीला दोष देण्याआधी कनेक्टर उघडून मल्टिमीटर लावायचा: ५ व्होल्ट येतायत का, अर्थिंग नीट आहे का, पिनांवर हिरवट गंज चढलाय का, उंदरानं तार कुरतडलीय का. चांगली डबी फेकून नवी बसवली आणि दोष होता एका गंजलेल्या पिनेत, असं होऊ नये म्हणून ही पाच मिनिटं काढायचीच. कामाच्या वेळी गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, आणि झेनॉन असेल तर दिवा चालू असताना हेडलाइटमागचे कनेक्टर उघडायचे नाहीत. तो पेटताना २०,००० व्होल्टच्या वर जातो.

नवी डबी बसली, की काम झालं असं वाटतं. इथेच बहुतेक दुरुस्त्या अर्धवट राहतात. नव्या डबीतलं चुंबक जुन्यापेक्षा केसभर वेगळं बसलेलं असणार. तिचा २.४ व्होल्ट म्हणजे सपाट की तिरकं, हे युनिटला ठाऊक नाही. ते कुणीतरी शिकवायला हवं. त्यासाठी खरोखर सपाट जमीन लागते. टायरांत ठरलेली हवा, टाकीत पुरेसं इंधन, डिकी रिकामी पण स्टेपनी जागेवर, आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तर ड्रायव्हरच्या सीटवर ७५ किलो वजन. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना हे करून उपयोग नाही. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून सस्पेंशन सैल बसू द्यायचं. मग स्कॅनरनं बेसिक सेटिंग सुरू करायचं. दिवे एका ठरलेल्या जागी जाऊन थांबतात. आता हेडलाइटच्या स्क्रूनं कडा बरोबर रेषेवर आणायची. गॅरेजमध्ये यासाठी भिंगाची पेटी असते. ती नसेल, तर १० मीटरवरच्या भिंतीवर, ६५ सेंटीमीटर उंचीच्या दिव्यासाठी एक टक्क्याच्या हिशेबानं ५५ सेंटीमीटरवर खूण करायची. शेवटी स्कॅनरला सांगायचं, की हे सपाट. युनिट त्या क्षणीचा व्होल्टेज लिहून घेतं. पुढची सगळी वर्षं ते याच एका आकड्याशी तुलना करणार असतं.

हा क्रम उलटा करणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे. झोत खाली पडतोय, म्हणून मेकॅनिक सरळ स्क्रू फिरवून ‘फोकस’ वर घेतो. त्या दिवशी रस्ता दिसतो, गिऱ्हाईक खूश. पण सेन्सर अजून मेलेलाच असतो, आता फक्त त्याची चूक स्क्रूनं झाकली गेलीय. दोन महिन्यांनी दुसऱ्या कुणी डबी बदलली, की युनिट शुद्धीवर येऊन दिवा आपल्या जागी नेतं आणि स्क्रूनं चढवलेला झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्क्रूचं काम दिव्याची मूळ जागा ठरवण्याचं, मोटरचं काम त्या जागेपासून सावरण्याचं. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये.

शेवटची परीक्षा घरच्या माणसांना घेऊन करता येते. भिंतीसमोर गाडी चालू ठेवायची, कडेवर खडूनं रेघ मारायची आणि तिघांना मागच्या सीटवर बसवायचं. कडा आधी वर उसळायला हवी आणि काही सेकंदांत खाली येऊन रेघेला टेकायला हवी. वर जाऊन तिथेच राहिली, तर लिव्हर उलट्या तोंडानं बसलीय का, दांडी योग्य भोकात आहे का, हे पुन्हा बघायचं. पुढे कधी मागच्या स्प्रिंगा बदलल्या, शॉकअप बदलले किंवा दांडी सोडावी लागेल असं सस्पेंशनचं कुठलंही काम केलं, तर गाडीची उभी राहायची उंची बदललेली असते. तेव्हा बेसिक सेटिंग पुन्हा पहिल्यापासून करून घ्यायचं.